अपिलाचं काम करणारा वकील लोकांसाठी काय करू शकतो?

तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात, अपिलाचं काम आवडतं, पण घरचे म्हणतात की ट्रायल कोर्टात माणसं तरी भेटतात, अपिलात नुसते कागद, त्यातून लोकांचं काय भलं होणार, असं तुम्ही विचारलंय. मी 11 वर्षं मुंबई हायकोर्टात अपिलेट साईडला आहे म्हणून लिहितो.

कागद असतात हे खरंय. साक्षीदार समोर येत नाही, नवीन पुरावा सहसा घेता येत नाही, खालच्या कोर्टात जे रेकॉर्डवर आलंय तेवढ्यावरच भांडायचं. हजार पानांचं पेपरबुक (खालच्या कोर्टातल्या सगळ्या कागदांचा बांधलेला गठ्ठा) असतं आणि तुमचा मुद्दा कुठल्यातरी उलटतपासणीतल्या दोन ओळीत लपलेला असतो, तो सापडेपर्यंत रात्री बसायचं. पण तिथे कायद्याचा जो अर्थ लागतो तो फक्त तुमच्या पक्षकारापुरता राहत नाही, खालच्या सगळ्या कोर्टांना तो पाळावा लागतो.

यात मला पहिलं नाव आठवतं ते विठ्ठल महादेव तारकुंडे. सासवडचे, जन्म 1909, वडीलही तिथे वकील. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, 1933 ला पुण्यात प्रॅक्टिस सुरू केली, चांगली चालत असताना 1942 मध्ये ती सोडून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचं पूर्णवेळ काम केलं. पक्ष विसर्जित झाल्यावर परत वकिली, मग 1957 पासून मुंबई हायकोर्टाचे जज. 1969 ला ते पद स्वतःहून सोडलं. हायकोर्टाचा कायम जज राहिलेल्या माणसाला त्याच हायकोर्टात वकिली करता येत नाही, पण सुप्रीम कोर्टात येते, म्हणून साठीच्या घरात ते दिल्लीला गेले आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम तिथून पुढे झालं.

1976 ची केस बघा, एडीएम जबलपूर. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कैदेतून सोडवण्याचा कोर्टाचा आदेश, मागायला हायकोर्टात जाता येतं का एवढाच प्रश्न. नऊ हायकोर्टांनी येतं म्हटलेलं आणि सरकार त्याविरुद्ध अपिलात आलेलं. तारकुंडे, शांती भूषण वगैरे वकील कैद्यांच्या बाजूनं उभे होते. बेंचवरच्या न्या. खन्नांनी ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलांना, विचारलं की पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची, तर उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही. हे वाचताना मला आजही कसंतरी होतं. 28 एप्रिलला निकाल लागला, चार विरुद्ध एक, कैदी हरले. तो एक आवाज खन्नांचा. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण (जेपी) यांच्या पुढाकारानं नागरी हक्कांसाठी जी संघटना निघाली, जी आज पीयूसीएल म्हणून माहितीये, तिचं अध्यक्षपद तारकुंडेंनी घेतलं, आणीबाणी उठलेली नसताना. पुढे आंध्रातल्या नक्षलवाद्यांच्या एन्काउंटरची चौकशी करायलाही तेच गेले. आणि जेपींनी 1974 मध्ये निवडणूक सुधारणांसाठी नेमलेली समितीही त्यांचीच, 18 व्या वर्षी मताचा हक्क द्या असं तिनं सुचवलं होतं, तो देशाला 1989 ला मिळाला.

मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांची ओल्गा टेलिस केसही वाचा. 1981 मध्ये भर पावसाळ्यात झोपड्या काढून लोकांना गावी पाठवायचं ठरलं, ते सुप्रीम कोर्टात गेलं, त्या लोकांच्या बाजूनं वकील इंदिरा जयसिंग होत्या, तारकुंडे होते. 1985 च्या निकालात झोपड्या हटवायची पालिकेची पॉवर कायम राहिली, फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली, म्हणजे त्या माणसांच्या हाती फार काही लागलं नाही आणि ते मला बोचतं. पण जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो हे पाच जजेसनी त्यातच लिहिलं, आणि आज फेरीवाल्याची किंवा झोपडीवाल्याची केस आली की आम्ही सगळे तोच परिच्छेद पुढे करतो.

तर घरच्यांना सांगा की माणसं अपिलातही असतात, फक्त ती कोर्टरूममध्ये दिसत नाहीत. आणि एक काम करा, हे दोन्ही निकाल काढा, शेवटची ऑर्डर आधी बघू नका, वकिलांनी काय काय मांडलं ते पहिलं वाचा, मग खन्नांचं वेगळं मत वाचा, आणि त्यानंतर 2017 चा प्रायव्हसीचा निकाल उघडा, ज्यात नऊ जजेसच्या बेंचनं जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. तारकुंडे 2004 मध्येच गेले होते.