धावपटूंचे प्रश्न : घड्याळातली उंची का हलते?

प्रश्न : मी ठाण्यात उपवन तलावाजवळ राहतो. आठवड्यातून तीन दिवस पहाटे सहाला निघून येऊरचा चढ चढतो आणि आठच्या सुमारास निघालो त्याच फाटकापाशी परत येतो. माझ्या घड्याळात जीपीएसबरोबर बॅरोमीटरही आहे. तरीसुद्धा निघताना दिसलेली उंची परतल्यावर दहा-बारा मीटरने कमी भरते. घराखाली जानेवारीत १५ मीटर दिसणारी उंची जुलैत ९० मीटरच्या आसपास गेली. पावसात धावलो तर चढावरही उंचीची रेषा सपाट राहते आणि मग एकदम चाळीस मीटरची उडी घेते. घड्याळ बदलावे का? — एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : घड्याळ बदलू नका. आपण एका पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्यांतली एकच घड्याळाच्या अंगाशी संबंधित आहे. तीही घरच्या घरी दूर होण्यासारखी आहे.

मुळात बॅरोमीटर असलेले घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब मांडते. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ समजते, आपण सुमारे सव्वाआठ मीटर वर आलो. हा दाब आपण चढल्यामुळे उतरला की हवामान बदलल्यामुळे, हे त्या सेन्सरला सांगता येत नाही. जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि भर पावसाळ्यात तो साधारण दहाने खाली येतो. दहाला सव्वाआठने गुणा, म्हणजे आपल्या घराखालची जमीन जुलैत जवळजवळ ऐंशी मीटर वर का गेली ते कळेल. यावरून असेही दिसते की आपल्या घड्याळात उंची आपोआप जुळवून घेण्याची सोय एक तर बंद आहे किंवा उपग्रहांचा संकेत पक्का होण्याआधीच आपण धावायला सुरुवात करत आहात.

दहा-बारा मीटरच्या फरकाचे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्या उष्ण कटिबंधातले आहे आणि थंड देशांतल्या ग्राहकांसाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. आपल्याकडे आकाश निरभ्र असले, वारा पडलेला असला, तरी हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. पहाटे चारच्या सुमारास तो कमी असतो, सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारला पुन्हा कमी आणि रात्री दहाला पुन्हा जास्त. कोरड्या ऋतूत सकाळी दहा आणि दुपारी चार यांच्यात तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. मी मार्चमधल्या एका रविवारी आपोआप जुळवणी बंद करून घड्याळ दिवसभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले होते. सकाळी दहाला त्याने ३१ मीटर दाखवले आणि दुपारी चारला ५८. ओटा जागचा हललेला नव्हता. आपण सहाला निघता आणि आठला परतता, म्हणजे नेमके दाब चढत असताना धावता. म्हणून परतल्यावर उंची कमी दिसते, आणि ती नेहमी कमीच दिसते, कधी जास्त दिसत नाही. ही सातत्याची बाब घड्याळ निरोगी असल्याची उत्तम खूण आहे.

यावर उपाय म्हणजे घड्याळाला एक खात्रीची उंची देणे. अनेक रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकावर स्थानकाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जवळच्या अशा एखाद्या स्थानकावर सकाळी दहाच्या सुमारास जा, कारण तेव्हा दाब चढून थांबलेला असतो आणि पुढचा अर्धा-पाऊण तास फारसा हलत नाही. तिथे तो आकडा घड्याळात हाताने भरा, लगेच रिक्षाने येऊरच्या फाटकापाशी या आणि तिथे घड्याळ काय दाखवते ते लिहून ठेवा. तो आकडा आता आपल्या कायमच्या कामाचा झाला. रोज निघण्यापूर्वी फाटकापाशी उंची त्या आकड्यावर आणा, म्हणजे ऋतू कोणताही असला तरी चढाची सुरुवात तरी बरोबर राहील. काही घड्याळांत धावत असताना जीपीएसच्या आधाराने सतत जुळवणी करण्याचा पर्याय असतो. तो लांबच्या, दिवसभराच्या ट्रेकला उपयोगी पडतो, मात्र दोन तासांच्या धावण्यासाठी मी तो बंद ठेवतो, कारण झाडांखाली जीपीएसची उंचीच डळमळीत असते आणि ती डळमळ चांगल्या रेषेत मिसळते.

आता पावसातली सपाट रेषा. घड्याळाच्या कडेला किंवा पाठीमागे एक किंवा अनेक बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचते. त्या छिद्रावर पाण्याचा थेंब बसला की पृष्ठताणामुळे तो तिथेच पडद्यासारखा ताणून राहतो, आतला दाब बाहेरच्या दाबापासून तुटतो आणि आपण चढत असूनही घड्याळ जागच्या जागी थांबल्यासारखे वागते. थेंब निसटला की दाब एकदम सुटतो आणि तीच आपली चाळीस मीटरची उडी. घामाचे मीठ, सनस्क्रीन आणि धूळ यांचा थर असेल तर थेंब अधिकच चिकटून बसतो. उजेडात घड्याळ तिरपे धरून पाहिले तर छिद्राच्या काठाला पांढरट कड दिसेल. तेच ते मीठ.

घड्याळ कोमट गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा, मधूनमधून पाण्यातच हलवा, मग नळाच्या बारीक धारेखाली धुऊन छिद्र खाली येईल असे सुती कापडावर रात्रभर वाळू द्या. पाण्यात साबणाचा एखादा थेंब चालेल, मात्र त्यानंतर स्वच्छ पाण्याने नीट धुवायला हवे. टाचणी, सुई किंवा काडी छिद्रात कधीही घालू नका आणि हवेचा झोत किंवा केस वाळवण्याचे यंत्रही वापरू नका. आत पाणी अडवणारा अतिशय पातळ पडदा असतो. तो फाटला की उंचीबरोबर घड्याळही जाते. हे मी कळकळीने सांगतो, कारण टाचणीने साफ केलेले एक घड्याळ पहिल्याच पावसात बंद पडलेले मी पाहिले आहे. रेनकोटची बाही घट्ट असेल तर ती घड्याळाच्या वर सरकवा. सेटिंगमध्ये सेन्सर फक्त हवामानासाठी ठेवलेला नाही ना, हेही एकदा तपासा, कारण त्या अवस्थेत घड्याळ दाबातला प्रत्येक बदल हवामानाच्या खात्यावर टाकते आणि उंची हलूच देत नाही.

धुतल्यानंतर सेन्सर ठीक झाला की नाही हे पाहण्यासाठी डोंगरावर जाण्याची गरज नाही. ठाण्यात आता वीस मजली इमारत शोधावी लागत नाही. तळमजल्यावरची उंची टिपा, लिफ्टने विसाव्या मजल्यावर जा, अर्धा मिनिट थांबून उंची टिपा आणि लगेच खाली या. मजल्याला साधारण तीन मीटर धरले तर साठ मीटरच्या आसपास फरक दिसायला हवा आणि खाली आल्यावर पहिला आकडा एक-दोन मीटरच्या आत परत यायला हवा. असे घडले तर सेन्सर चांगला आहे. वर जाताना आकडा अडखळत, उशिराने चढत असेल तर छिद्र अजून पूर्ण मोकळे झालेले नाही, पुन्हा धुवा. दोनदा धुऊनही फरक पडला नाही तरच सेवा केंद्राचा रस्ता धरा.

साठऐवजी सत्तावन्न मीटर दिसले तर काळजी करू नका. घड्याळाचा हिशेब समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरून केलेला असतो. आपल्याकडची ३० अंशांची हवा विरळ असते, त्यामुळे चढताना दाब थोडा सावकाश उतरतो आणि शंभर मीटरच्या चढाला घड्याळ साधारण पंच्याण्णव मोजते. येऊरला हा फरक जाणवणार नाही. उन्हाळ्यात आठशे मीटरचा डोंगर चढलात तर तो चाळीस मीटरपर्यंत जाईल. म्हणून कळसूबाईसारख्या १६४६ मीटर ही उंची सर्वांना माहीत असलेल्या शिखरावर पोहोचल्यावर ती पुन्हा भरून घेतलेली बरी.

प्रश्न : मी पाम बीच मार्गावर नेरूळहून वाशीकडे जाऊन परत येते, एकूण १० किलोमीटर. रस्ता सपाट आहे. माझ्या घड्याळात बॅरोमीटर नाही. त्यात एकूण चढ ११८ मीटर दिसतो, तर बरोबर धावणाऱ्या मैत्रिणीच्या घड्याळात २२ मीटर. संकेतस्थळावर उंची दुरुस्त करण्याचे बटण आहे, ते वापरू का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपल्यासाठी होय, वापरा. मैत्रिणीच्या घड्याळात बॅरोमीटर असेल तर तिने वापरू नये.

जीपीएसला जागा जितकी नीट कळते तितकी उंची कळत नाही. पूर्वेकडचा उपग्रह आणि पश्चिमेकडचा उपग्रह यांच्या चुका आडव्या दिशेत एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात, पण उभ्या दिशेत सगळे उपग्रह डोक्यावर असतात आणि पायाखाली एकही नसतो, कारण मध्ये पृथ्वी आहे. त्यामुळे उंचीतली चूक जागेतल्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट असते. पाम बीच मार्गावर एका बाजूला खाडीचे मोकळे आकाश आणि दुसऱ्या बाजूला इमारती आहेत. इमारतींवर आपटून उशिरा आलेले संकेत या चुकीत भर घालतात.

खरा घोटाळा मात्र बेरजेत होतो. समजा घड्याळाची उंची दर शंभर मीटर अंतरात फक्त एक मीटर वर जाते आणि पुन्हा खाली येते. दहा किलोमीटरमध्ये असे शंभर हेलकावे झाले आणि घड्याळाने चढ तेवढे मोजले, तर सपाट रस्त्यावर शंभर मीटरचा चढ उभा राहतो. उतार वेगळ्या खात्यात जमा होतात, ते यातून वजा होत नाहीत. किती मीटरपर्यंतचा हेलकावा सोडून द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, म्हणून दोन घड्याळांच्या एकूण चढाची तुलना करणे मला कधीच योग्य वाटलेले नाही. धावायला सुरुवात करण्यापूर्वी घड्याळ फोनशी सिंक करून उपग्रहांची ताजी माहिती घ्या आणि संकेत मिळाल्यावरही मोकळ्या जागी दोन मिनिटे स्वस्थ उभ्या राहा, म्हणजे पहिल्या किलोमीटरमधली मोठी उडी तरी टळेल.

दुरुस्तीचे बटण दाबल्यावर घड्याळाची उंची काढून टाकली जाते आणि आपण धावलात त्या रेषेखालच्या जमिनीची उंची तयार नकाशातून घेतली जाते. स्ट्रावा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तर बॅरोमीटर नसलेल्या घड्याळांसाठी हे आपोआपच होते. अशा नकाशांचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेले पृथ्वीचे मापन. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन असतात. सपाट रस्त्याला एवढे पुरते. येऊरसारख्या डोंगराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर मात्र जीपीएसची रेषा दहा-पंधरा मीटर बाजूला सरकली की नकाशा आपल्याला कधी वरच्या उतारावर, कधी खालच्या दरीत नेऊन ठेवतो आणि चढ उगाच वाढतो. वाशी किंवा ऐरोलीच्या खाडीपुलावरून धावलात तर पुलाऐवजी खालच्या पाण्याची उंची मिळू शकते. बॅरोमीटर असलेल्यांनी आपली नोंद म्हणूनच जपावी.

प्रश्न : माझ्या फोनवरचे एक ॲप ऐरोलीत खाडीजवळ उणे ५७ मीटर उंची दाखवते. घड्याळ अधिक ६ दाखवते. फोनचे जीपीएस बिघडले आहे का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : बिघडलेले नाही. जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून, आणि प्रत्यक्ष समुद्राची पातळी या लंबगोलाशी जुळत नाही. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसल्यामुळे समुद्र कुठे त्याच्या वर, कुठे खाली असतो. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातली ही सर्वांत खोल जागा आपल्या शेजारी आहे. आपल्या किनाऱ्यावरही हा फरक साठ मीटरच्या आसपास भरतो. घड्याळ तो हिशेबात धरून मगच आकडा दाखवते. अँड्रॉइड फोनकडून ॲपला मिळणारी मूळ उंची मात्र लंबगोलापासूनची असते आणि काही ॲप ती तशीच दाखवतात. ॲपच्या सेटिंगमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा जिऑइड दुरुस्ती असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर दुसरे ॲप घ्या. चढाच्या बेरजेवर याचा परिणाम होत नाही, कारण एका धावण्याच्या टप्प्यात हा फरक जवळजवळ कायम राहतो.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिल ५ टक्के चढावर ठेवून ६ किलोमीटर धावतो. घड्याळात चढ शून्य येतो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : शून्यच यायला हवा, कारण आपण जमिनीपासून वर गेलेला नसता आणि खोलीतला दाब बदललेला नसतो. श्रमाची नोंद हवी असेल तर अंतराला चढाच्या टक्क्यांनी गुणा : ६००० मीटरचे ५ टक्के म्हणजे ३०० मीटर. हा आकडा त्या दिवसाच्या नोंदीत हाताने, शेरा म्हणून लिहा. एकूण चढाच्या रकान्यात घालू नका, म्हणजे येऊरला प्रत्यक्ष चढलेले मीटर त्यात मिसळणार नाहीत.