12 वर्षांच्या कामानंतर एम.डेस. करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जी.डी. आर्ट (कलेचा सरकारी डिप्लोमा) झालंय, कोल्हापुरात 12 वर्षं ग्राफिक डिझाइनचं काम करताय, वय 35. आता सगळं थांबवून एम.डेस., म्हणजे डिझाइनमधलं मास्टर्स, करण्यात अर्थ आहे का?

दर वाढेल म्हणून करणार असाल तर करू नका. मी 33व्या वर्षी गेलो, शिकून परत आलो, आणि उद्यमनगरातल्या माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकानं पहिल्याच कामाला विचारलं, "कोरल फाईल देणार न्हवं?" (कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधली डिझाइनची फाईल.) डिग्रीचे पेढे खाल्ले, बिल होतं तेवढंच दिलं. इथं लोक पैसे मोजतात ते संध्याकाळपर्यंत काम प्रेसला जाणार याचे.

मग मिळालं काय? त्याआधी मी गुळाच्या एक किलोच्या बॉक्सची वीसेक डिझाइनं तरी केली असतील. ऊस, बैलगाडी, मागं अंबाबाईचं देऊळ, वर सोनेरी अक्षर. व्यापाऱ्याला आवडलं की जॉब संपला. एम.डेस.च्या प्रोजेक्टला तोच विषय घेतला, तर गाईडनी विचारलं, "हा बॉक्स उघडतं कोण?" मला सांगता येईना. मग दोन आठवडे गुऱ्हाळावर, मार्केट यार्डात, किराणा दुकानांत, चार ओळखीच्या स्वयंपाकघरांत नुसता बघत राहिलो. गूळ हवेतला ओलावा ओढतो, पावसाळ्यात पाझरायला लागतो. त्यामुळं घरी आणल्या आणल्या गूळ स्टीलच्या डब्यात आणि माझं सोनेरी अक्षर कचऱ्यात! इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

डिग्रीशिवाय हे कळलं असतं का? असतं की. पण रोज तीन-चार जॉब काढणाऱ्या माणसाला दोन आठवडे नुसतं बघत बसायला कोण देतंय? त्या फीमध्ये मी खरं तर तेवढी सवड विकत घेतली.

शिकवायचं मनात असेल तर गोष्ट वेगळी. डिझाइन कॉलेजात कायमच्या नोकरीला बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतंच. पुण्या-बंगळुरात ॲप डिझाइनकडं वळायचं असेल, तर कॅम्पसमधून दार लवकर उघडतं; पुढं पोर्टफोलिओच बघतात.

प्रवेशाचं म्हणाल तर सीड ही एम.डेस.ची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. जी.डी. आर्टवाल्यांना किमान एक वर्षाच्या कामाच्या अनुभवावर बसता येतं, वयाची अट नाही. स्कोअर मात्र एकच वर्ष चालतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे 1969 पासून चालू असलेल्या डिझाइन स्कूलमध्ये, एम.डेस. दोन वर्षांचं आहे. एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची, परीक्षा वेगळी असते.

सीडच्या दुसऱ्या भागात हातानं चित्रं काढावी लागतात. माउस धरून धरून माझा हात पार आखडला होता. तीन महिने रोज सकाळी रंकाळ्यावर वही घेऊन बसलो, भेळेच्या गाड्या आणि फिरायला येणारी म्हातारी माणसं काढली, तेव्हा कुठं रेष सुटायला लागली. हे आजपासूनच सुरू करा, परीक्षा द्या किंवा देऊ नका.

आणि जायचं ठरलंच तर बाजारातली उधारी आधी गोळा करा. मी परत येऊन मागायला गेलो, तर दोघांनी ओळखच दाखवली नाही.