दिवसभर उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे

प्रश्न: नोकरी सांभाळून महिनाभर व्यायाम आणि छंद दोन्ही चालू ठेवणं कुणाला खरंच जमलंय का? मी १ तारखेला वेळापत्रक करतो आणि १० तारखेच्या आत ते मोडतं. कुठलं वेळापत्रक किंवा अ‍ॅप वापरावं?

मला जमलंय. मी एसटीत वाहक आहे, साताऱ्याला. आणि सांगतोय तो महिनाही सोपा नव्हता, नुकताच संपलेला २०२५ चा जुलै. एसटीतल्या माणसाला एवढ्यावरच पुढचं कळेल, कारण ६ जुलैला आषाढी एकादशी होती.

पहिला आठवडा जादा गाड्यांत गेला. पंढरपूरला यात्रेपुरतं जे बसस्थानक उभं करतात तिथं चिखलात उभं राहून गाडी भरायची, साताऱ्याला आणून सोडायची, पुन्हा फिरायचं. झोप गाडीच्या मागच्या सीटवर, मिळेल तेव्हा. त्या आठवड्यात व्यायाम झाला नाही, पखवाजाला हात लागला नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. उतरताना म्हातारी माळकरी माणसं पायरीवरून वळून हात जोडतात. हे दिवस "वाया गेले" असं मी माझ्या डायरीत लिहिणार नाही. तुमच्या वेळापत्रकात अशा दिवसांना जागा आहे का, हे आधी बघा. नसेल तर ते मोडणारच.

दुसऱ्या आठवड्यापासून नेहमीच्या ड्युट्या लागल्या आणि त्यात मुक्कामी गाडी आली. कासच्या पठारावरून बामणोलीच्या अंगाला उतरायचं, रात्री गावात मुक्काम, पहाटे पहिली गाडी घेऊन परत. पुष्कळ सहकारी ही ड्युटी टाळतात. जुलैत तिकडं पाऊस म्हणजे पाऊस असतो, वीज गेली की सकाळपर्यंत येत नाही, मोबाइलला रेंज नसते. मी मागून घेतो. त्या गावात एक बुवा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांच्याकडे मी पखवाज शिकतो.

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण "छंदाला वेळ कुठून आणता" हे मला सारखं ऐकावं लागतं. गाडी लावली, कॅशचा हिशेब जुळवला, हातपाय धुतले की मी बुवांच्या ओसरीवर. घरातल्या वहिनी परातीतली कणीक काढून देतात. ती पाण्यानं सैल करून पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, थापायची. जास्त झाली तर आवाज दबतो, कमी झाली तर घुमत नाही, पत्र्यासारखा वाजतो. बुवा थाप मारून बघतात, बोटानं कडेची थोडी काढतात, पुन्हा थाप मारतात. जुलैच्या दमटपणानं उजवी शाईची पुडी उतरलेली, म्हणजे सैल झालेली असते, म्हणून हातोडीनं कडेचे लाकडी गट्टे ठोकून ती चढवायची. एवढ्यातच बराच वेळ जातो आणि हाच वेळ मला सगळ्यात आवडतो. पहिल्या पावसाळ्यात मला चौतालाच्या बारा मात्रासुद्धा सरळ मोजता येत नव्हत्या. या आषाढात वद्य एकादशीला देवळात बुवांनी पखवाज माझ्यापुढं सरकवला आणि एका अभंगाला भजनी ठेका मी धरला. टाळकऱ्यांपैकी कुणी वळून बघितलं नाही. ठेका चुकला की सगळे वळून बघतात. एवढी पावती मला बास आहे.

पहाटे गाडी सुटायच्या आधी त्याच देवळाच्या सभामंडपात सूर्यनमस्कार आणि बैठका. बाहेर धो धो पाऊस असला तरी सभामंडप कोरडा असतो. सूर्यनमस्कार शिकायला कुठं क्लास लावावा लागत नाही, आपला तर जिल्हाच त्यांचा. साताऱ्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानच्या शाळांत सक्तीचे केले होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आषाढ संपत आला की आमच्याकडे आखाडाचं जेवण असतं. यंदा २५ जुलैला श्रावण लागला, त्याच्या आधी साडू पुण्याहून सहकुटुंब आले. ते कंप्युटरच्या कंपनीत आहेत. मनगटावर घड्याळ, दिवसाला दहा हजार पावलं झाली की ते थरथरतं. ताटं वाढत असताना त्यांनी नेहमीचं काढलं: "पाव्हणं, तुम्हाला कशाला पाहिजे व्यायाम? दिवसभर पायांवरच असता की. व्यायाम आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांना."

हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय. साडूंकडून, शेजाऱ्यांकडून, आमच्यातल्याच काही जणांकडून. मला या वाक्याचा राग येतो, आणि साडूंना जे ताटावर सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

उभं राहणं आणि चालणं एक नाही. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, सैल होतो, आणि त्या दाबानं पायांतलं रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं राहिलं की हे काम थांबतं आणि रक्त खाली साचतं. ड्युटी संपवून बूट काढला की मोज्याच्या कडेचा वळ पोटरीत रुतलेला असतो, बोटानं दाबलं तर खळगा राहतो. त्यात कॅशची बॅग वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर, एक हात कायम वरच्या दांडीला, कंबर घाटातल्या प्रत्येक वळणाला उलट बाजूला ताणलेली. याला झीज म्हणतात. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एक दिवस माझी बॅग घेऊन बघावी.

साडूंना पुरावा पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. महाबळेश्वरची ड्युटी होती. संध्याकाळी आकडा दहा हजारांच्या बराच पुढं. साडू खूश! पण मी डोळ्यांनी बघितलं होतं, तिकिटं काढून झाल्यावर मी सीटवर बसून वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहीत होतो तेव्हाही तो आकडा सरकत होता. गाडीचे हिसके हाताला बसतात, घड्याळ त्यांना पावलं समजतं. आणि दहा हजार हा आकडा तरी कुठून आला? टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ ला झालं. दुसऱ्या वर्षी यामासा नावाच्या जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा तो. चालणं चांगलंच, पण आकडा देवानं दिलेला नाही.

माझा पुरावा वेगळा आहे. व्यायाम सुरू करण्याआधी मी नोकरीची कितीतरी वर्षं अशीच उभ्यानं काढली होती. तेव्हा अजिंक्यतारा चढताना मंगळाईच्या देवळापर्यंत टेकत टेकत जावं लागायचं. उभं राहून दम वाढत असता तर एव्हाना मी यवतेश्वरच्या घाटात पळायला पाहिजे होतं, हिल मॅरेथॉनच्या सरावाला येणाऱ्या पोरांसारखं. नोकरी तीच राहिली, वय वाढलं, आणि आता मी न थांबता वर जातो. फरक किल्ला चढण्यानं आणि बैठकांनी पडला. साडू म्हणाले, तुमचं वजन उतरलं म्हणून. बरं, मग ते कशानं उतरलं?

दुसरी कुरबूर पखवाजाची. "या वयात शिकून काय करणार?" काही करणार नाही. वाजवणार. काहीतरी कमावून देईल तोच छंद, असं मानणारा माणूस विरंगुळ्याचीसुद्धा नोकरी करतो. आणि जेवणानंतर मोबाइलवर बोट सरकवत बसणं हा माझ्या मते विरंगुळाच नाही. त्यानं डोळे दमतात आणि झोप लांबते.

तुमच्या प्रश्नाला आता थेट उत्तर देतो. १ तारखेला माणूस सगळे दिवस सारखे धरून चालतो, "रोज सकाळी ६ वाजता" असं लिहितो. माझी ड्युटी कधी पहाटेची, कधी दुपारची, कधी मुक्कामी. घड्याळाला बांधलेलं काहीच टिकलं नसतं. म्हणून मी ड्युटीला बांधलं. मुक्कामी असलो की पखवाज आणि सूर्यनमस्कार. दुपारची पाळी असली की सकाळी किल्ला. जादा गाडी असली की स्थानकात गाडी भरेपर्यंत दाराशी टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, तेवढंच. बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत आल्यापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, त्या पुष्कळ प्रवास करायला लागल्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. गाड्या भरून चालतात, हे फार चांगलं झालं, आणि मलाही गाडीत बसून राहायला कमी मिळतं.

हिशेब आठवड्याचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. पूर्वी तो निदान सलग १० मिनिटं तरी पाहिजे अशी अट होती, २०२० मध्ये ती काढली. पाळीत काम करणाऱ्याला यासारखी सोयीची गोष्ट नाही. जिन्यानं चढलेली चार मिनिटंसुद्धा जमेला धरता येतात.

दोन गोष्टी राहिल्या. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या असतील, गुडघा दुखत असेल किंवा बीपी असेल तर बैठका आणि किल्ला डॉक्टरांना विचारून. आणि माझी ही रीत आमच्या वाहक भगिनींना जशीच्या तशी लागू नाही, हे मला माहीत आहे. त्या ड्युटी संपवून घरी गेल्या की दुसरी ड्युटी सुरू होते. माझ्या घरी ती बाजू बायको सांभाळते म्हणून मला बुवांच्या ओसरीवर बसता येतं. तुमच्या घरी कोण काय सांभाळतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळं माझं उत्तर तेवढं अर्धं समजा.

अ‍ॅप मी वापरत नाही. शर्टाच्या खिशात मावेल अशी डायरी आहे, त्यात ड्युटी क्रमांकाखाली "किल्ला", "बैठका", "बुवा" असा एकेक शब्द लिहितो. पहिल्या आठवड्यात फक्त "पंढरपूर" आहे.

साडूंना गणपतीत पुन्हा बोलावलंय. या वेळी घड्याळ त्यांनीच घालायचं आणि माझ्याबरोबर मंगळाईपर्यंत चढायचं, असं ठरवलंय. ते अजून हो म्हणाले नाहीत.