इंधन पेटण्याआधी, कमी तापमानाला, मध्ये नेमकं काय तयार होतं?

तुम्ही विचारलंय की २५०-३०० अंश सेल्सिअसला, ज्वाला दिसण्याआधीच, इंधनाची ऑक्सिजनशी अभिक्रिया सुरू होते, तर तेव्हा कोणते पदार्थ बनतात आणि थेट कार्बन डायऑक्साइड व पाणीच का होत नाही. माझं रोजचं काम याच रसायनाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘थेट का नाही’ हे आधी. उदाहरणाला हेप्टेन घेऊ, म्हणजे सात कार्बनांची सरळ साखळी असलेलं इंधन. त्याचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ११ रेणू लागतात. हे बारा जण एका क्षणी एका जागी भेटणं शक्यच नाही. पुस्तकातलं समीकरण फक्त जमाखर्च मांडतं. मधली वाट एकेका टकरीने कापली जाते.

सुरुवात ओएच रॅडिकल करतो. रॅडिकल म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून फार उतावळा तुकडा; ओएचमध्ये एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असतो. तो हेप्टेनचा एक हायड्रोजन हिसकावून पाणी होतो. उघड्या पडलेल्या कार्बनला ऑक्सिजनचा अख्खा रेणू चिकटतो. हा पेरॉक्सी रॅडिकल. मग त्या ऑक्सिजनचं मोकळं टोक मागे वळतं आणि त्याच साखळीतल्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन घेतं. वळताना बहुतेकदा सहा अणूंचं कडं जमतं, त्यात ताण कमी असतो, म्हणून लांब सरळ साखळीला हे सोपं जातं. आता एका कार्बनवर हायड्रोपेरॉक्साइड (दोन ऑक्सिजन आणि टोकाला हायड्रोजन असा गट) आणि दुसऱ्यावर रिकामी जागा, अशी अवस्था होते. आम्ही तिला क्यूओओएच म्हणतो. ती इतकी अल्पजीवी, की अशी एक प्रजाती प्रयोगात थेट पकडायला २०१५ साल उजाडलं. रिकाम्या जागी दुसरा ऑक्सिजन रेणू बसला की पुन्हा एक हायड्रोजन सरकतो, एक ओएच सुटतो आणि मागे केटोहायड्रोपेरॉक्साइड उरतो. हेप्टेनपासूनच्या रेणूत सात कार्बन, चौदा हायड्रोजन, तीन ऑक्सिजन.

मला विचाराल तर सगळी मेख या रेणूत आहे. तो रॅडिकल नाही, त्यामुळे थोडा वेळ टिकतो, साठतो. पण त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मोलमागे साधारण १८० किलोजूलचाच. कार्बन-हायड्रोजनचा ४०० च्या आसपास असतो. हा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटला की आणखी एक ओएच आणि एक मोठा रॅडिकल मिळतो. म्हणजे एक ओएच खर्चून हाती तीन रॅडिकल आले. वेग अचानक उसळतो तो यामुळे. त्या मोठ्या तुकड्यांतूनच पुढे फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड येतात.

प्रयोगशाळेतले सगळे दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावल्यावर, तापवलेल्या काचेच्या भांड्यात मी ही अवस्था पाहिली आहे. फिकट निळा उजेड भांड्यात पसरतो आणि विरतो. ही थंड ज्वाला. तो रंग ऊर्जेने भारलेल्या फॉर्मल्डिहाइडचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोलावंसं वाटलं नाही.

यापुढचं अनेकांना पटत नाही: तापमान आणखी वाढवलं तर एका पट्ट्यात अभिक्रिया मंदावते. उष्णतेने पेरॉक्सी रॅडिकलवरचा ऑक्सिजन सुटून परत जायला लागतो. क्यूओओएचही दुसऱ्या ऑक्सिजनची वाट न पाहता चक्रीय ईथर (कड्यात ऑक्सिजन असलेला रेणू) होऊन एकच ओएच सोडतो, किंवा अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू) होऊन एचओ२ हा रॅडिकल सोडतो. एचओ२ सुस्त आहे. त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि ते सुमारे ७०० अंशांपर्यंत तसंच साठून राहतं. मग फुटून दोन ओएच देतं, आणि इंजिनात खरा भडका तेव्हा उडतो.

नॉकिंगचं, म्हणजे ज्वाला पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटून इंजिनात होणाऱ्या ठकठकीचं, मूळही इथेच आहे. सरळ साखळीच्या हेप्टेनचा ऑक्टेन क्रमांक (इंधन नॉकिंगला किती विरोध करतं याचं माप) ० धरलाय आणि आयसोऑक्टेनचा १००, कारण फांद्या असलेल्या आयसोऑक्टेनमध्ये हायड्रोजन आतल्या आत सरकणं अवघड जातं.

तुमच्या मनात मिथेन असेल, तर मात्र वरचं जवळजवळ काहीच लागू होत नाही. तिथे कार्बन एकच, हायड्रोजन घ्यायला शेजारी दुसरा कार्बनच नाही. तेव्हा इंधन कोणतं ते कळवा, त्याप्रमाणे पुढचं लिहीन.