आईच्या गाठीवर हक्क कुणाचा?

प्रश्न : माझ्या आईचं (वय ६४) स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात झालं. आदल्या रात्री तिच्या चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. घरी आल्यावर फाइल चाळताना कळलं, त्यातला एक कागद काढलेली गाठ संशोधनासाठी वापरण्याच्या संमतीचा होता. आई म्हणते, 'कुणाच्या उपयोगी पडत असेल तर पडू दे.' मला मात्र चैन पडत नाही. ही सही मागे घेता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना ज्याच्या शरीरातला, त्याचाच असतो. संस्था तो फक्त सांभाळते. संमती मागे घेतली म्हणून आईंच्या उपचारांत काहीही कमी करता येत नाही. मात्र तोवर ज्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून झाले असतील, त्यातून त्यांची माहिती वेगळी काढता येणार नाही.

पण अर्ज लिहिण्याआधी त्या गाठीचं पुढे काय होतं ते ऐका. मी चौतीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली आहेत. गाठ आमच्याकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती कुजू न देणाऱ्या द्रावणात, येते. तिचे निवडक तुकडे मेणात बसवून छोटे ठोकळे करतात, त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकवरून ३-४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की निदान होतं. उरलेली गाठ काही आठवड्यांनी पिवळ्या पिशवीतून जाळायला जाते. संशोधकाला हवा असतो तो ब्लॉकमधला किंवा ताजेपणी गोठवून ठेवलेला एखादा तुकडा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये अशा तुकड्यांची मोठी पेढीच आहे. म्हणजे आईंना यासाठी वेगळी सुईसुद्धा टोचली जात नाही.

मग धोका कशात आहे? १९९६ मध्ये मी जिथे शिकवत होते, तिथे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी जुने ब्लॉक दिले होते. रजिस्टरवर सही माझी होती. पुढे त्यातल्या एका बाईंचा आजार उलटला आणि गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, हे तपासायची वेळ आली. ब्लॉक काढून पाहिला, तर त्यात नुसतं मेण. गाठीची सगळी ऊती (शरीरातल्या पेशींचा थर) कापून संपली होती. त्या बाईंना पुन्हा बायोप्सीच्या टेबलावर झोपावं लागलं. तेव्हापासून मी एकच हट्ट धरला : रुग्णाच्या पुढच्या तपासणीपुरती ऊती मागे राखल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. तुम्हीही विभागप्रमुखांना एवढं जरूर विचारा, 'आईचा निदानाचा ब्लॉक शाबूत राहील ना?' संमती मागे घेतलीत तरी तो ब्लॉक तिथेच असू द्या, उद्या तो आईंच्याच कामी येईल.

आपल्याकडे ब्रिटनसारखा मानवी ऊतींसाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही. तिथे २००४ साली तो झाला, तोही रुग्णालयांनी मृत मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतल्याचं उघड झाल्यावर. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनी अशा संशोधनावर देखरेख करणाऱ्या एथिक्स कमिटीची नोंदणी आणि त्या २०१७ च्या तत्त्वांचं पालन सक्तीचं केलं. या कमिटीत ७ ते १५ जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो. एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही लागतो. तो सामान्य माणूस तुमच्यासारखेच प्रश्न विचारायला तिथे बसवलेला असतो. नाव-गाव पुसलेल्या जुन्या नमुन्यांसाठी संमतीची अट कधी शिथिल होते, पण ते कमिटी ठरवते, संशोधकाला परस्पर ठरवता येत नाही.

तुमची खरी तक्रार 'आदल्या रात्री' याबद्दल असायला हवी, असं मला वाटतं. उद्या पोटावर की छातीवर चिरा पडणार या धास्तीत असलेल्या बाईपुढे पाचवा कागद सरकवला, तर ती सही म्हणजे संमती नव्हे. कमिटीच्या सचिवांना तसं लिहा. पत्ता संमतीपत्रावरच सापडेल. कागद पुन्हा मराठीत, शांतपणे समजावून मागा. नमुना किती वर्षं ठेवणार, परदेशी किंवा कंपनीला देणार का, त्यातून पैसा झाला तर काय, हे त्यात असायला हवं.

आणखी एक गोष्ट थेट तुमच्याशी निगडित आहे. अशा अभ्यासात कधीकधी बीआरसीएसारख्या (बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या) जनुकातला आनुवंशिक दोष असल्याची शंका येते. तो आईंमध्ये असला, तर तुमच्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के. तसं काही आढळलं तर कुणाला, कसं कळवणार? हे आधी ठरलेलं असावं. आईंना चालणार असेल तर तिथे तुमचा फोन नंबर द्या.

सही मागे घ्यायची की ठेवायची, हे मात्र आईंनाच ठरवू द्या. त्यांचं 'पडू दे' हे सगळं समजल्यावरही 'पडू दे'च राहिलं, तर तुम्ही आड येऊ नये.