स्टँडर्ड की बेसिक? पालकांना समजावताना

इंदूरच्या मराठी घरांत ‘बेसिक’ गणित म्हटलं की मुलगा ढ, असाच अर्थ निघतो. आधी तो गैरसमज काढा. सीबीएसई दहावीला गणिताचं पुस्तक, अभ्यासक्रम, वर्ग एकच. फक्त बोर्डाचा ८० गुणांचा पेपर वेगळा: स्टँडर्डचा अवघड, बेसिकचा सोपा. उरलेले २० शाळेचे.

निवड दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना होते, म्हणून पालकांना नववीच्या निकालालाच बोलवा. मुलाची उत्तरपत्रिका समोर ठेवा. गुण आकडेमोडीत गेले की शाब्दिक उदाहरणांत, ते बोट ठेवून दाखवा. नुसती टक्केवारी सांगितलीत तर शेजारच्या मुलाशी तुलना सुरू!

मग विचारा, पुढे काय? जेईई म्हटलं की स्टँडर्डच. नीटला गणिताचा पेपर नाही (भौतिकशास्त्रात ते डोकावतंच, हेही सांगा). कॉमर्सकडे कल असेल तर अकरावीचं अप्लाइड मॅथ्स (व्यवहारात वापरायचं गणित) बेसिकवाल्यालाही घेता येतं. मात्र ते शाळेत शिकवतात का, आधी विचारून घ्या.