एस.पी.टी.मध्ये एन 20 च्या वर आला तर दोन मजली घराला साधं फूटिंग (उथळ पाया) चालेल का?

तुम्ही कोल्हापुरातल्या प्लॉटबद्दल विचारलंय, आणि आकड्याशिवाय दुसरं काहीच सांगितलेलं नाही. एस.पी.टी. म्हणजे हातोड्यानं जमिनीत नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते बघायची टेस्ट, आणि एन म्हणजे ती नळी शेवटचे 30 सेंटिमीटर आत जायला लागलेले ठोके. माती कुठली, टेस्ट कुठल्या महिन्यात झाली, हे न सांगता नुसता एन विचारला की माझं डोकं फिरतं. कारण याच आकड्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं आजवर वाजतंय.

मी बोअरिंगच्या कामांवर सुपरवायझर होतो. दादानं फुलेवाडीच्या पुढं जुन्या उसाच्या रानातला प्लॉट घेतला. टेस्ट कर म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. त्यानं केली, पण ऐन मे महिन्यात, आणि दुसऱ्याच पार्टीकडून. मी दुपारी पोचलो तेव्हा तिवई उभी होती, हातोडा पडत होता आणि ठोके मोजायला ठेवलेला पोरगा सावलीला बसला होता. रॉडवर 15-15 सेंटिमीटरच्या खडूच्या खुणा तेवढ्या नीट होत्या. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडायला पाहिजे. दोरी ओढणारा दमला होता, तो 50-55 वरच सोडत होता. असं झालं की ठोके जास्त लागतात आणि जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते.

दीड मीटरवर दर 15 सेंटिमीटरला 6, 10, 14 ठोके आले. पहिले 15 सेंटिमीटर धरायचे नसतात, म्हणून 10 आणि 14 मिळून एन 24. मी नळी उघडायला लावली. आत काळी माती, वाळून खडखडीत. नखानं ओढलं तर तिथं चकाकी यायची, पाणी लावून चोळलं तर साबणासारखी बुळबुळीत. मुरमाचा एक खडा नाही. मी म्हटलं, "दादा, ही वाळलीय म्हणून ठोके खातीय. श्रावणात इथं बोट जाईल." कंत्राटदार म्हणाला, "चोवीस म्हणजे लै झालं की!" तक्त्यातही चिकणमातीला 15 ते 30 म्हणजे अतिशय घट्ट असंच लिहिलेलं असतं. दादानं त्याचं ऐकलं. पाच फुटांवर फूटिंग बसलं. मुरूम त्याच्याही खाली चार फूट होता.

दुसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्या. दार अडकायला लागलं, तेव्हा सगळे म्हणाले लाकूड फुगलंय. मग पुढचं लोखंडी गेटही अडकायला लागलं. लोखंड कुठं फुगतं? दिवाळीनंतर गेट आपोआप मोकळं व्हायचं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि बैठं घर तिच्यासाठी हलकं असतं, सहज उचलते. दादा अजून म्हणतो, "टेस्ट तर केली होती की!" केली होती, पण नळीत काय निघालं ते बघायला कुणी वाकलं नाही.

त्यामुळं तुमच्या रिपोर्टमध्ये एनच्या आधी मातीचं वर्णन वाचा. काळी असेल तर फ्री स्वेल टेस्ट करून घ्या. 10-10 ग्रॅम वाळलेली माती, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये, 24 तासांनी पाण्यातली रॉकेलमधल्यापेक्षा किती जास्त फुगली ते बघायचं. खर्च किरकोळ आहे. मग फूटिंग मुरमावर न्या, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब, करा. "आमच्याकडं सगळे असंच बांधतात" म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नका, मग तो भाऊबंद असला तरी.

प्लॉट जुन्या गावात असेल तर आसपासच्या म्हाताऱ्यांनाही विचारा. कपिलतीर्थ मार्केट आणि गांधी मैदान दोन्ही बुजवलेल्या तळ्यांवर आहेत. भरावात एका कोपऱ्यात एक माती, दुसऱ्यात दुसरी. तिथं एका बोअरवर भागत नाही.

वाळू किंवा मुरूम असेल तर 20 च्या वरचा एन चांगलाच आहे, साधं फूटिंग बहुतेक चालेल. पण तेही पाण्याची पातळी बघूनच, पंचगंगेकडच्या बाजूला तर नक्कीच. आकार आणि खोली तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच काढायची, माझ्या उत्तरावरून नाही. आणि टेस्ट अजून व्हायची असेल तर त्या दिवशी रजा टाका, तिवईशेजारी उभे राहा आणि ठोके स्वतः मोजा. मी त्या दिवशी सकाळीच पोचायला हवं होतं.